न वाजवता घेतलेली बेस गिटार: नाशिकमधील एका खरेदीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिकमधील एका अठरा वर्षांच्या विद्यार्थिनीचे आहे. ओळख पटू नये म्हणून तिचे नाव, महाविद्यालय, विक्रेता आणि वाद्याची कंपनी यांचे उल्लेख गाळले आहेत. मापे आणि रकमा मात्र आहेत तशाच ठेवल्या आहेत. ती माझ्याकडे दोन वर्षे साधी, अकूस्टिक गिटार शिकत होती. गंगापूर रोडवरील तिच्या महाविद्यालयातील मित्रमैत्रिणींनी मिळून एक बँड सुरू केला, तेव्हा दोन गिटारवादक, एक ड्रमर आणि एक गायक असा संच जमला. बेस वाजवणारे मात्र कोणीच नव्हते. तिचा कान आधीपासूनच खालच्या स्वरांकडे असे. कोणतेही गाणे ऐकले की ती सुरावटीच्या आधी त्याखाली चाललेली बेसची चाल गुणगुणून दाखवी. त्यामुळे बेस वाजवण्याची जबाबदारी तिने स्वतःहून मागून घेतली.

वडील सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात तपासणी विभागात काम करतात. त्यांना संगीताची फारशी माहिती नाही, परंतु वस्तू मोजून घेण्याची सवय हाडीमाशी भिनलेली आहे, आणि ही सवय पुढे या प्रकरणात निर्णायक ठरली. कुटुंबाने एकूण २५,००० रुपयांची तयारी ठेवली होती. एप्रिल महिना सुरू होता आणि जुलैमध्ये महाविद्यालयात नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताचा कार्यक्रम होता, म्हणजे वाद्य हाती येऊन सरावाला निदान दोन महिने मिळणे आवश्यक होते.

अडचण

नाशिकमध्ये वाद्यांची दुकाने पुष्कळ आहेत. पेटी, तबला, ढोल, ताशे आणि अकूस्टिक गिटारी तिथे सहज मिळतात, परंतु बेस गिटारला गिऱ्हाईक कमी असल्याने दुकानदार ती सहसा मांडून ठेवत नाहीत. एका दुकानात त्यांना स्पष्ट सांगण्यात आले, "मागवून देऊ, पण मागवल्यावर घ्यावीच लागेल." या अटीवर दुकानातून घेणे आणि घरबसल्या मागवणे यांत फरक राहिला तो इतकाच, की घरबसल्या मागवलेली वस्तू ठरावीक दिवसांत परत तरी करता येत होती.

मुंबईला जाऊन वाद्य हाताळून पाहण्याचा विचार अर्थातच पुढे आला. सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडली तर दिवसभरात परत येता येते, आणि मुंबईत चांगला साठा ठेवणारी जुनी दुकाने आहेत. परंतु दूरध्वनीवर चौकशी केल्यावर लक्षात आले, की तिला ज्यांचा विचार करायचा होता त्यांपैकी लहान लांबीच्या बेस गिटारी त्या वेळी कोणत्याच दुकानात शिल्लक नव्हत्या, आणि बाकीच्यांपैकीही एखादीच मांडलेली होती. दोन वाद्यांची तुलनाच होणार नसेल तर वडिलांची रजा आणि दोघांचा प्रवासखर्च घालून तिथे जाण्यात अर्थ नाही, असे त्यांनी ठरवले.

खरी चिंता निराळीच होती. मुलीची उंची चार फूट अकरा इंच, हात लहान. बेस गिटार लांब असते, तारा जाड असतात, हे तिने पाहिलेले होते. "सर, माझा हातच पोहोचला नाही तर?" हा तिचा पहिला प्रश्न होता आणि तो अगदी रास्त होता.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय दहा हजारांच्या आतील संचाचा होता, ज्यात बेस गिटार, लहान अँप्लिफायर, पिशवी, पट्टा असे सर्व एकत्र मिळते. किंमत मोहात पाडणारी होती, परंतु विक्रेत्याने दिलेल्या माहितीत वाद्याची लांबी, नटाची (नेकच्या, म्हणजे वाद्याच्या लांब गळ्याच्या, वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीची) रुंदी किंवा वजन यांपैकी एकही आकडा नव्हता. ज्या वाद्याचे मापच सांगितलेले नाही ते न पाहता घेऊ नये, एवढ्या एका कारणाने आम्ही तो बाजूला ठेवला.

दुसरा पर्याय वापरलेल्या वाद्याचा. पुण्यातील एक वादक आपली पाच तारांची बेस गिटार नऊ हजारांना देण्यास तयार होता. छायाचित्रे सुंदर होती. आम्ही त्याच्याकडे एकच जास्तीचे छायाचित्र मागितले: हेडस्टॉकच्या, म्हणजे सूर लावण्याच्या चाव्या असलेल्या वरच्या भागाच्या, टोकाला डोळा लावून नेकवरून ब्रिजच्या, म्हणजे तारा वाद्याच्या अंगावर जिथे टेकतात त्या भागाच्या, दिशेने घेतलेले. नेक सरळ आहे, बाक आहे की पीळ पडला आहे, हे त्या एका कोनातून बरेचसे दिसते. त्यासोबत ट्रस रॉडच्या नटाचे (हा नट निराळा), म्हणजे नेकच्या आतून जाणाऱ्या आणि तिचा बाक कमीजास्त करणाऱ्या सळईच्या तोंडाचे, जवळून घेतलेले छायाचित्रही मागितले. दुसरे छायाचित्र आले. त्यात ॲलन की, म्हणजे षटकोनी चावी, बसण्याचा षटकोन झिजून गोल झालेला दिसत होता, म्हणजे ती सळई फिरवणे अवघड होते. पहिले छायाचित्र वारंवार विचारूनही आले नाही. समोर बसून हे वाद्य पाहता आले असते तर कदाचित निर्णय वेगळा झाला असता, कारण वापरलेल्या वाद्यात पैशाचे मोल चांगले मिळते. दुरून मात्र ते घेणे शक्य नव्हते.

तिसरा पर्याय लहान लांबीच्या, म्हणजे शॉर्ट स्केल बेस गिटारचा. नटापासून ब्रिजपर्यंत तारेचा जेवढा भाग कंप पावतो त्याला स्केल म्हणतात. फेंडर कंपनीने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणली तेव्हा तिची स्केल ३४ इंच होती, आणि आजही बहुतेक बेस गिटारींची तीच आहे. शॉर्ट स्केल साधारण ३० इंचांची असते. स्क्वायरची ब्रॉन्को त्या लांबीची आहे, तर आयबानीझची मिक्रो मालिका २८.६ इंचांची. लहान हातांना ती सोपी, हे उघड आहे. परंतु लांबी कमी झाली की त्याच जाडीची तार त्याच सुरात लावण्यासाठी कमी ताण पुरतो, त्यामुळे सर्वांत जाड ई तार काहीशी सैल लागते आणि तिचा स्वर थोडा कमी रेखीव येतो. शिवाय शॉर्ट स्केलच्या तारा नाशिकमध्ये मिळणे कठीण होते.

चौथा पर्याय नामांकित कंपन्यांच्या प्राथमिक श्रेणीतील पूर्ण लांबीच्या बेस गिटारींचा होता. यामाहाची टीआरबीएक्स १७४ ही त्यांतील एक. ती ३४ इंची, बॅटरीची गरज नसलेली आणि दोन प्रकारचे पिकअप, म्हणजे तारांचा कंप विजेच्या संकेतात बदलणारे भाग, असलेली आहे. आम्ही ती गांभीर्याने पाहिली, परंतु इतर सामानासह ती रक्कम ओलांडत होती. त्याच लांबीच्या, जॅझ बेसच्या धर्तीवर बनवलेल्या दुसऱ्या एका वाद्याची किंमत १७,५०० रुपये होती. जॅझ बेस हा फेंडरचाच १९६० मधील नमुना असून त्याची नेक नटापाशी दीड इंच, म्हणजे ३८ मिलिमीटर रुंद असते. प्रिसिजन नमुन्यात हीच रुंदी आता सामान्यतः ४१ मिलिमीटरच्या आसपास असते. तीन मिलिमीटरचा हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, लहान पंजाला तो लगेच जाणवतो.

पहिला निर्णय: काय बदलता येते आणि काय नाही

या टप्प्यावर मी त्यांना एक विभागणी सुचवली आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा कणा तीच आहे. वाद्य न वाजवता घ्यायचे असेल, तर त्याचे गुण दोन गटांत वाटावेत: घरी आल्यावर बदलता येणारे आणि कधीच न बदलणारे. तारांची उंची, तारांची जाडी, पिकअपची उंची, स्वरांची अचूकता, नटाच्या खाचा, इतकेच काय पण पिकअपसुद्धा नंतर बदलता येतात. स्केल, नेकची रुंदी आणि तिची घडण, अंगाचा आकार, पट्टा अडकवण्याच्या खुंटीची जागा आणि वजन हे मात्र जसे आले तसेच राहतात. मागणी नोंदवण्यापूर्वीचा सगळा वेळ दुसऱ्या गटावर घालवावा आणि पहिल्या गटासाठी थोडी रक्कम राखून ठेवावी.

मुलगी मात्र तोपर्यंत उलट्या वाटेने चालली होती. ती रोज संध्याकाळी मोबाईलवर प्रात्यक्षिकांच्या चित्रफिती पाहत असे आणि आवाजावरून वाद्ये नापसंत करत असे. चार तारांच्या बेसची सर्वांत खालची मोकळी तार सुमारे ४१ हर्ट्झवर कंप पावते. मोबाईलच्या इवल्या स्पीकरमधून तो मूळ स्वर बाहेरच येत नाही. ऐकू येतात ते त्याच्या वरचे उपस्वर. शिवाय चित्रफितीतला आवाज वादकाची बोटे, नव्या तारा, अँप्लिफायर आणि ध्वनिमुद्रणानंतरचे संस्कार या सर्वांतून गाळून आलेला असतो. मी तिला सांगितले, "आवाज ऐकायचाच असेल तर चांगला हेडफोन लाव, आणि शक्यतो नुकत्याच शिकणाऱ्यांनी केलेल्या साध्या चित्रफिती बघ. त्यांच्या हातात वाद्य कसे बसते ते पाहा." त्यानंतर तिने वाद्याचा आकार आणि वादकाची उंची यांकडे लक्ष देणे सुरू केले, आणि तिच्या वहीतील टिपणे एकदम उपयोगी होऊ लागली.

दुसरा निर्णय: लाकडी पट्टीवरची चाचणी

वाद्य हाती नसताना हात पोहोचतो की नाही हे कसे पाहायचे, यावर वडिलांनी जो उपाय काढला तो मला आजही फार मोलाचा वाटतो. फ्रेटच्या, म्हणजे नेकवरील धातूच्या आडव्या उंचवट्यांच्या, जागा ठरवण्याचे गणित सोपे आहे. स्केलला १७.८१७ ने भागले की नटापासून पहिल्या फ्रेटचे अंतर मिळते. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच संख्येने भागले की दुसऱ्या फ्रेटचे, आणि असेच पुढे. त्यांनी सुताराकडून दोन लाकडी पट्ट्या रंधून आणल्या. एक ३४ इंची, एक ३० इंची. दोन्ही नटाच्या टोकाला ३८ मिलिमीटर रुंद ठेवल्या, कडा गोल केल्या आणि स्टीलच्या पट्टीने मोजून बारा फ्रेटपर्यंत पेन्सिलीने रेघा मारल्या.

मुलीच्या पंजाचे मापही घेतले. तर्जनी ते करंगळी हे अंतर ताण न देता ११० मिलिमीटर होत होते, आणि पुरेपूर ताणल्यावर १३५. पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचे अंतर ३४ इंची पट्टीवर सुमारे १३० मिलिमीटर येते, ३० इंचीवर ११४, आणि तिच्या जुन्या अकूस्टिक गिटारवर ९७. गिटारसारखे एका फ्रेटला एक बोट ठेवायचे म्हटले, तर ३४ इंची वाद्य तिला सतत ताणाखाली वाजवावे लागले असते. मनगटाच्या दृष्टीने ते अयोग्यच होते. त्या संध्याकाळी सर्वांचे मत शॉर्ट स्केलकडे झुकले.

मी तेव्हा एक गोष्ट मांडली. डबल बेस, म्हणजे उभे धरून वाजवायचे व्हायोलिनसारखे मोठे वाद्य, वाजवणारे, ज्यांचे वाद्य याहून कितीतरी लांब असते, खालच्या भागात चार बोटांनी चार स्वर घेतच नाहीत. डबल बेसचे शिक्षक फ्रान्झ सिमांडल यांच्या पद्धतीने रूढ झालेल्या शिक्षणात तर्जनी, मधले बोट आणि करंगळी अशी तीन ठिकाणे वापरली जातात व अनामिका करंगळीला आधार देते. म्हणजे एका वेळी तीन फ्रेटच व्यापायचे आणि गरज पडेल तेव्हा हात सरकवायचा. ३४ इंची पट्टीवर पहिल्या ते तिसऱ्या फ्रेटचे अंतर ८९ मिलिमीटर येते. ती जुन्या गिटारवर रोज जो ताण घेत होती त्याहूनही कमी. पाचव्या फ्रेटच्या वर गेल्यावर चार फ्रेटचे अंतर १०३ मिलिमीटरवर येते आणि तिथे तिला चारही बोटे वापरता येणार होती. पट्टीवर तिने हे करून पाहिले, पुन्हा पुन्हा पाहिले, आणि तिचा चेहरा खुलला.

तरीही बोटांचा ताण हा अर्धाच प्रश्न होता. दुसरा अर्धा दंडाच्या पोहोचीचा. गळ्यात वाद्य अडकवल्यावर पहिला फ्रेट शरीरापासून किती डावीकडे जातो, हे स्केलइतकेच पट्ट्याच्या वरच्या खुंटीवर अवलंबून असते. ही गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेली नसते, परंतु समोरून घेतलेल्या छायाचित्रात ती मोजता येते. छायाचित्रावर खुंटीपासून फ्रेटबोर्डपर्यंत काटकोनात रेघ ओढायची आणि ती कितव्या फ्रेटला भेटते ते पाहायचे. जॅझ नमुन्यात वरचे शिंग, म्हणजे नेकशेजारी पुढे आलेले अंगाचे टोक, लांब असल्याने ही रेघ बाराव्या फ्रेटच्या आसपास येते. जिथे ती चौदाव्या किंवा पंधराव्या फ्रेटला भेटते, तिथे सगळी नेक तितकी डावीकडे सरकते आणि हेडस्टॉकच्या भाराने खाली झुकण्याची प्रवृत्तीही वाढते. वडिलांनी तीन वाद्यांची छायाचित्रे मोठी करून छापली आणि पट्टी लावून हे तपासले. मुलीला आवडलेल्या एका देखण्या, लहान शिंगाच्या वाद्याचा निकाल तिथेच लागला.

बाराव्या फ्रेटपासून पहिल्या फ्रेटपर्यंत ३४ इंची स्केलमध्ये ३८३ मिलिमीटर आणि ३० इंचीमध्ये ३३८ मिलिमीटर अंतर असते. पट्टीचा बारावा फ्रेट छातीच्या डाव्या बाजूला धरून तिने हात पुढे नेला, तेव्हा कोपर पूर्ण सरळ न होता बोटे पहिल्या फ्रेटपर्यंत गेली. नेक थोडी वर, तिरकी धरली तर आणखी सोपे जात होते. पूर्ण लांबीचे जॅझ नमुन्याचे वाद्य घेण्याचा निर्णय यावर झाला. मुलगी अकरा-बारा वर्षांची असती, तर हीच चाचणी पाहून मी शॉर्ट स्केलच सुचवली असती.

कृती

मागणी नोंदवण्यापूर्वी विक्रेत्याला दूरध्वनीवरून तीन गोष्टी विचारल्या: नटाची रुंदी खरोखर ३८ मिलिमीटर आहे का, हाती येणाऱ्या नगाचे वजन किती, आणि दोष निघाल्यास परतीची मुदत व पद्धत काय. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नीट मिळाले. परतीसाठी सात दिवस होते आणि खोके उघडतानाचे अखंड चित्रीकरण बंधनकारक होते. वजनाबाबत "साधारण चार किलो असेल" इतकेच उत्तर आले.

रकमेची विभागणी अशी केली: वाद्याला १७,५००, दुरुस्ती आणि जुळणीसाठी २,०००, आणि उरलेल्यात केबल, पट्टा, पिशवी व हेडफोन लावून सराव करण्याचे छोटे उपकरण. अँप्लिफायर घेतला नाही. या रकमेत जो अँप्लिफायर आला असता त्याच्या लहान स्पीकरला खालचे स्वर पेलले नसते, आणि बँडच्या सरावाच्या खोलीत मोठी ध्वनिव्यवस्था होतीच.

खोके आले तेव्हा एप्रिलअखेरचे ऊन होते. ते लगेच न उघडता काही तास खोलीत तसेच ठेवले, जेणेकरून गाडीतील उष्णतेतून आलेले लाकूड निवेल. नंतर वडिलांनी मोबाईल स्टँडवर लावला आणि सीलपासून चित्रीकरण करत खोके उघडले. पुढचा तास मी जवळून पाहिला. त्यांनी कारखान्यात वापरतात तसा फीलर गेज, म्हणजे फट मोजण्याच्या पातळ पात्यांचा संच, आणला होता. ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरली म्हणजे ती तार स्वतःच सरळ पट्टीचे काम करते, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यातील फट म्हणजे नेकचा बाक. पाती एकामागून एक सरकवत त्यांनी ती मोजली: ०.७ मिलिमीटर. साधारण ०.३ ते ०.३५ असावी. सतराव्या फ्रेटपाशी ई तारेची उंची ३.४ मिलिमीटर होती, जिथे २.४ च्या आसपास पुरते. तार उंच म्हणून दाबायला जड. नवख्या वादकाला हे वाद्य पहिल्याच दिवशी "अवघड" वाटले असते.

मग त्यांनी दोन स्टीलच्या पट्ट्या पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर आडव्या ठेवल्या आणि एकीच्या कडेवरून दुसरीकडे पाहिले. दोन्ही कडा समांतर दिसल्या. नेकला पीळ नव्हता. ट्रस रॉड ॲलन कीने पाव वळण आवळल्यावर फट लगेच कमी झाली, म्हणजे सळई काम करत होती.

दोष निघाला तो नवव्या फ्रेटमध्ये. डी तार आठव्या फ्रेटवर दाबली की स्वर खरखरून विझत असे. तीन फ्रेटवर टेकेल इतकी छोटी सरळ पट्टी आठ, नऊ आणि दहावर ठेवली तर ती नवव्यावर डुलत होती. त्या फ्रेटची मधली बाजू खाचेतून किंचित उचलली गेली होती.

तिसरा निर्णय: परत करायचे की ठेवायचे

इथे घरात मतभेद झाला. वडील म्हणाले, "सर, आमच्याकडे असा जॉब पास होत नाही. परत पाठवू." मुलगी रडवेली झाली होती. "बाबा, बाकी सगळं तर बरोबर आहे ना!" विक्रेत्याकडे विचारणा केली असता त्याने दोनच मार्ग दिले: परत करून पैसे घ्या, किंवा दुसरा नग घ्या, ज्याला वेळ लागेल. दुरुस्तीचा खर्च देण्यास त्याने नकार दिला.

वडिलांची भूमिका तत्त्वतः बरोबर होती, कारण नवीन वस्तू निर्दोषच यायला हवी. परंतु आम्ही पुन्हा त्या विभागणीकडे वळलो. उचललेला फ्रेट बदलता येणाऱ्या गटातला आहे. कसबी कारागीर तो ठोकून, चिकटवून आणि घासून बसवू शकतो. नेकचा पीळ, बंद पडलेला ट्रस रॉड, चुकीच्या जागी बसलेला ब्रिज हे दुसऱ्या गटातले दोष असून त्यांपैकी एकही या नगात नव्हता, आणि हे आता अंदाजाने नव्हे तर मोजून माहीत होते. दुसऱ्या नगाबद्दल यातले काहीच माहीत नसणार होते. त्याचे फ्रेट कदाचित चोख असतील आणि नेक वाकडी असेल. आलेल्या वाद्याची जमेची बाजू ही, की त्याचे न बदलणारे सगळे तपासून झाले होते.

वडिलांनी एक अट घातली: परतीची मुदत संपण्याआधी कारागिराने वाद्य पाहून सांगावे. ही अट अतिशय योग्य होती. नाशिकमधील एका वाद्यदुरुस्ती करणाऱ्या कारागिराने फ्रेट पाहून तो बसेल असा निर्वाळा दिला, आणि मगच वाद्य ठेवायचे ठरले. फ्रेट बसवणे, नटाच्या दोन उंच खाचा खाली करणे, तारांची उंची आणि स्वरांची जुळणी यांसाठी त्याने १,८०० रुपये घेतले. जुळणीच्या वेळी त्याने मुलीला शेजारी बसवून दाखवले, की बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा, म्हणजे तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेल्या स्वरापेक्षा, चढा आला तर ब्रिजवरचे सॅडल, म्हणजे तार टेकण्याचा तुकडा, मागे न्यायचे, उतरलेला आला तर पुढे आणायचे. हे शिक्षण त्या रकमेत जादाचे मिळाले.

परिणाम

वाद्य वाजते, आणि चांगले वाजते. तीन बोटांची पद्धत तिने महिन्याभरात आत्मसात केली. बेसवादनाची शिस्त ही बहुतांशी उजव्या हाताची आणि लयीची असते. डाव्या हाताची धास्ती गेल्यामुळे तिचे लक्ष लवकर तिकडे वळले, याचा मला विशेष आनंद आहे. जुलैतील कार्यक्रम पार पडला.

दोन गोष्टी अपेक्षेबाहेर घडल्या. सरावाच्या खोलीत एकच पिकअप चालू ठेवला की सतत गुणगुणल्यासारखा आवाज येई आणि तारांना हात लावला की तो कमी होई. जॅझ नमुन्यातील एकेरी वेटोळ्याच्या पिकअपचा हा स्वभाव आहे. दोन्ही पिकअप सारख्याच पातळीवर पूर्ण उघडले की तो एकमेकांत बराचसा विरून जातो. खोलीतील विजेच्या जोडणीचे अर्थिंगही सदोष निघाले आणि ते दुरुस्त करून घेतले.

दुसरी गोष्ट वजनाची. घरी सामान तोलायच्या काट्यावर वाद्य ४.३ किलो भरले. अरुंद पट्ट्यामुळे तासाभराच्या सरावानंतर तिचा डावा खांदा दुखू लागला. रुंद, आतून मऊ अस्तर असलेला पट्टा घेतल्यावर त्रास कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. आता ती घरी बसून सराव करते आणि उभे राहून फक्त बँडसोबत वाजवते. पावसाळा लागल्यावर नेक थोडी हलली आणि तारा पुन्हा उंच वाटू लागल्या. या वेळी वडिलांनी स्वतःच फीलर गेज लावून ट्रस रॉड थोडा फिरवला.

काय वेगळे करता आले असते

वजन हा न बदलणाऱ्या गटातला गुण असूनही त्याची चाचणी झाली नाही. ती सहज करता आली असती: चार-साडेचार किलो तांदळाची पिशवी गिटारच्या पट्ट्याला अडकवून अर्धा तास घरात उभे राहायचे. विक्रेत्याकडूनही नग काट्यावर ठेवलेले छायाचित्र मागता आले असते. "साधारण" या उत्तरावर थांबण्याचे कारण नव्हते.

घ्यायचे तेच वाद्य मिळत नव्हते, तरी कोणतीतरी बेस गिटार तासभर हातात धरणे शक्य होते. शरणपूर रोड परिसरातील एका चर्चच्या गायनसंघात बेस वाजवणारा तरुण आहे, हे पुढे बँडच्या ड्रमरकडून कळले. विचारल्यावर त्याने आनंदाने वाद्य दाखवले. ऑर्केस्ट्रा, चर्च, सरावाच्या भाड्याच्या खोल्या अशी ठिकाणे शहरात आहेत आणि तिथली माणसे बहुधा नाही म्हणत नाहीत. लाकडी पट्टीने अंतरे अचूक सांगितली, परंतु जाड तारेचा बोटांखालचा स्पर्श आणि तिला लागणारा जोर ती सांगू शकत नव्हती.

हा जोराचा मुद्दा अजून पूर्ण सुटलेला नाही. वाद्यासोबत ४५ ते १०५ या जाडीच्या (इंचाच्या हजाराव्या भागांत) तारा आल्या होत्या, ज्या सर्वसाधारणपणे वापरात आहेत. तिच्या बोटांना ४० ते ९५ चा हलका संच अधिक सोयीचा जाईल असे मला वाटते. तो वाद्यासोबतच मागवून कारागिराकडे पहिल्या जुळणीच्या वेळीच चढवला असता तर बरे झाले असते, कारण तारांची जाडी बदलली की नेकवरचा ताण बदलतो आणि बाक, उंची व सॅडल पुन्हा पाहावे लागतात. संच आता आणून ठेवला आहे. दिवाळीच्या सुट्टीत, पावसाळी हवा गेल्यावर, तो चढवायचा आणि सातव्या फ्रेटपाशी फट पुन्हा मोजायची असे ठरले आहे.